परिचयाचं पान

अहवाल झाला: 'दोन हजार चाळीसची कौशल्यं'.
आमच्या परिचयाचं पान तेवढं राहिलंय.

भंगाळेबाई अर्थशास्त्राच्या डॉक्टर.
त्याआधी सात वर्षं सावद्याला
ट्रकच्या सावलीत केळीचे घड मोजत होत्या.

रशीद तडवी आकड्यांचा माणूस
(मटक्याच्या नव्हे).
बाप भुसावळच्या यार्डात
चाकावर हातोडी मारून
आवाजावरून तडा ओळखायचा.
रशीदही तक्ता डोळ्यांनी वाचत नाही,
कान देतो.

माझ्या नावापुढे काय लिहू?
पाचोऱ्यात टायपिंगचा क्लास होता.
बारा मशिनी.
गेल्या भंगारात, किलोवर.

बोटं अजून जोरात पडतात,
कीबोर्ड दचकतो.

"भो, हेच लिही," तडवी म्हणतो.

रकाना दोन बोटांचा.