पान एकशे अठ्ठावीस

जुन्या बाजारात, नळाच्या तोट्या आणि
एका पात्याच्या पंख्याच्या मधे पडलेलं होतं.
चाळीस म्हणाला. तीसला दिलं.
मुखपृष्ठावर उग्रबाहू: मांड्या खांबासारख्या,
तलवार त्याहून लांब, मागे काळ्या काचेचा बुरुज
आणि निळा रंग रेघेबाहेर सांडलेला.
तो सांडलेला निळा मी ओळखला.
आमच्याच मशीनचा.

नारायण पेठेत, बोळाच्या आत, जिन्याखाली
मी हे पुस्तक जुळवलंय. एकेक खिळा.
वाचलं मात्र नव्हतं.
कंपोझिटर वाचत नाही; त्याच्या हातात अक्षरं
खाली डोकं वर पाय,
आणि अख्खी लढाई त्याला
काना, मात्रा, वेलांटी एवढीच दिसते.
राक्षस इतके, की दुपारपर्यंत 'क्ष'चा खण रिकामा.
मालक म्हणायचे, उरलेले दैत्य करा.
म्हणून पान साठनंतर एकही राक्षस नाही.
विद्वानांनी याचंही काही कारण शोधलं असतं.

लेखक घळसासी. पुस्तकावर नाव रुद्रप्रताप.
जकात नाक्यावर पावत्या फाडता फाडता लिहायचे,
रद्द पावत्यांच्या पाठीवर.
पुढून गुळाच्या ढेपा सात,
मागून सात कवट्यांच्या डोंगरावर
रक्ताळलेला चंद्र.

आता मोतीबिंदू काढलाय. वाचतोय, सुलट.
दत्तवाडीच्या गॅलरीत, खाली टँकर ओरडत असताना.

लाज वाटते, खोटं का बोला.
बाई आली की थरथरते. थरथरत नसेल तर चेटकीण.
आणि डोंगरापलीकडचे सगळे काळे, सगळे क्रूर,
सगळे एका वाक्यात मरणारे.
मी वेल्ह्याचा. डोंगरापलीकडचाच.
शिशानं काळ्या झालेल्या बोटांनी
ते वाक्य मी जुळवलं, चिमट्यानं नीट बसवलं,
आणि डबा उघडून भाकरी खाल्ली.

नात विचारते, हा आंघोळ कधी करतो?
स्वरांगीला सांगतो, पान चाळीस, रक्ताच्या तळ्यात.
ती हसते. मीही.
पण साखळदंड तुटतात त्या पानावर
चहा गार होतो, तिसऱ्यांदा वाचतानाही,
आणि मनगटात काहीतरी उठून बसतं
जे चाळीस वर्षांच्या नोकरीत कधी उठलं नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.
शेवटच्या फॉर्म्यात मजकूर चार ओळी जास्त झाला.
सोळा पानांत सतरावं बसत नाही.
घळसासी नाक्यावर, मालक सासवडला,
मशीनमन दारात, विडी विझवून उभा.
त्या चार ओळींत तमालिका मरत होती.
उग्रबाहू तिचं मस्तक उडवतो, केसांना धरून
बुरुजावरून फेकतो, रक्त, वगैरे.
मी ओळी काढल्या.
दया आली असं म्हणणार नाही.
चार ओळी जास्त होत्या.

आज पान एकशे अठ्ठावीस.
उग्रबाहू तलवार उगारतो. तमालिका वर बघते.
समाप्त.
त्याखाली वाचनालयाचा शिक्का, रोज पाच पैसे दंड,
आणि पेन्सिलीनं, बारीक, बहुतेक बाईच्या अक्षरात:
'म्हणजे सुटली ना ही?'

मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं.
घळसासींना कळलं नव्हतं. छापून आल्यावर
ते स्वतःचं कधी वाचत नसत.

काढलेले खिळे त्या संध्याकाळी
जिथले तिथे सोडले होते, म मच्या खणात, क कच्या.
दुसऱ्या दिवशी त्यांतूनच एक लग्नपत्रिका जुळवली,
भोरच्या कुणा शिळीमकरांची.
मस्तकातला 'म' मुहूर्ताला गेला असणार.
रक्तातल्या 'क्त'ला पत्रिकेत काही काम निघालं नाही.
तो खणात पडून राहिला.