किबल्याकडे पाठ

वल्हवणारा माणूस उलटा बसतो.
जिकडे जायचं तिकडे पाठ.
हे अंगवळणी पडायला आठवडा लागला,
आणि पुढचं कळायला दोन वर्षं:
धक्क्यावरून आनंदवल्लीकडे निघालो
की नाव पश्चिमेला सरकते, माझं तोंड पूर्वेला,
म्हणजे रोज सकाळी मी
किबल्याकडे पाठ करून
किबल्याच्याच दिशेनं जात असते.

येताना उलट.
तोंड बरोबर, आणि लांब लांब जाणं.

अब्बांना सांगितलं. दूधबाजारातल्या दुकानात
ते कॉलर बेतत होते, ओठांत दोन टाचण्या,
म्हणून नुसते डोळ्यांनी हसले.
लांब बाह्यांचा माझा निळा ड्रेस त्यांनीच शिवला,
पाठीत चुण्या ठेवल्या, ओढताना उसवू नये म्हणून.
दर ईदला माप घेतात.
यंदा फीत धरून थांबले:
"खांदा पाऊण इंच वाढला, मुबश्शिरा."
वहीत लिहिलं. जुना आकडा खोडला नाही.
हलीमा फुफी त्या पाऊण इंचावर
चहा संपेपर्यंत बोलत राहिल्या.

रमजानात दोन तास पाण्यावर,
ओठाला थेंब नाही.
वृषाली गांगुर्डे त्या महिन्यात बाटलीच आणत नाही.
मी म्हटलं होतं, आण गं.
म्हणाली, जड होते.

थंडीत खरी अडचण.
सहाला पगार सरांची शिट्टी,
त्याच सुमाराला फजर,
आणि सूर्य काही सरांना विचारून उगवत नाही.
हाफिज शकूर चाचांकडे गेले.
नावेत बसून चालते, म्हणाले,
नाव वळली की आपणही वळायचं, तोंड किबल्याकडेच.
चाचा, आमची नाव हातभर रुंद,
तिच्यात वळलं की नमाज नाही, अंघोळ होते.
दाढीतल्या दाढीत हसले. मग गप्प झाले, बराच वेळ.
"तर मग येताना पढ."

तर येताना.
सोमेश्वरच्या अलीकडे नाव फिरवतो.
धुकं पाण्याला चिकटलेलं,
देवळाची घंटा कुठून तरी ओली होऊन येते.
माझ्या मागे वृषाली
दोन्ही वल्ही पाण्यावर सपाट धरते,
नाव हलू देत नाही.
माझ्या मुठी मी मांडीत दाबून ठेवते, हात बांधते.
तळव्यांवर फोड आहेत,
मघाशी वुजूचं पाणी झोंबलं होतं, आता वारा.

रुकूला वाकते, वल्हं टाकताना वाकते तेवढीच.
सजद्याला थोडी जास्त.
आणि सगळा वेळ प्रवाह आम्हाला
सावकाश पूर्वेला घेऊन चाललेला.

पहिला सलाम उजवीकडे: नुसतं धुकं.
दुसरा डावीकडे: काठावर पगार सर,
सायकलवरून एक पाय टेकलेला,
हातातलं घड्याळ थांबवलंय की नाही
इथून दिसत नाही.

"झालं?"
"झालं."
"मग ओढ. तीन मिनिटं भरून काढायचीत."