महिरपीत एक शून्य

नवतपाचा चौथा दिवस. हिंगणा एमआयडीसीत
कूलर नुसता आवाज करून राहिलेला,
आणि कळमन्याच्या धर्मकाट्यावरून फोन:
बाई, रिकामा ट्रक एक्केचाळीस टन दाखवते.
मागून ड्रायव्हर,
माह्या गाडीत डोंगर भरला काय बे?

कोड माझाच होता.
एका गाडीचा एक स्ट्रक्ट. नंबर, तारीख, मालक,
आणि सहा एक्सलच्या वजनांसाठी सहा खण.
या गाडीला एक्सल दोनच. दोन खण मी भरले,
बेरीज सहाची केली.
मला वाटलं होतं, जे भरलं नाही ते रिकामंच असतं.

तसं नसतं.
तिथे आधी कोणीतरी राहून गेलेलं असतं,
कुठल्याशा बेरजेचा तुकडा, एखादा परतीचा पत्ता.
नंदनवनला खोली घेतली तेव्हा
ओट्याखाली नाही का सापडली
कोण्या भोयर नावाच्या माणसाची गॅसची पावती.

मग ओळीच्या शेवटी लिहिलं:
बरोबर, महिरपी कंस, आत एक शून्य.
एकच पुरतं.
पहिल्या खणात ते जाऊन बसतं
आणि बाकीचे न सांगता शून्य होतात.
सहा टन आले बाई, फोनवरचा म्हणाला,
ड्रायव्हर चहा प्यायला गेला.

दुपारी कालची वजनं आजच्या यादीत न्यायची होती.
हा अ‍ॅरे बरोबर तो अ‍ॅरे, इतकं सरळ लिहिलं,
कंपाइलरने दारातच अडवलं.
झाडे सर नळाशी डबा धूत होते. तिथूनच म्हणाले,
अ‍ॅरेले एकट्याले सोडत नाही पोरी.
स्ट्रक्टच्या गाडीत बसव,
मंग अख्खा जाते, तिकीटबी कोणी विचारत नाही.
गेला.
सहाच्या सहा खण, शून्यांसकट,
एका बरोबरच्या चिन्हावर.

मालकाचं नाव मात्र मी पॉइंटर ठेवलं होतं,
चार बाइट वाचवायला.
नव्या पावतीवर शेंद्रे खोडून पटले केलं
तर जुनीवरही पटले.
वजनं दोघांची आपापली, नाव एकात एक.
सरांनी चष्मा कपाळावर चढवला,
नाव गेलंच नाही ना. पत्ता गेला फक्त.

एकतीस तारखेला सर निवृत्त होतात.
काल सगळ्यांसमोर मला म्हणाले,
घाबरू नको, अडलं तर नंबर आहेच माझा.

नंबर आहे.
तरी आज पाच वाजून गेले
आणि मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आहे,
लोडसेलचा गुणक कुठून आला,
पावसाळ्यात काटा किती सरकतो,
रात्री दोनला कळमन्यात कोणाला उठवायचं,
एकेक विचारत, एकेक वहीत उतरवत.

ते सांगता सांगता थांबतात.
आधी कूलरमध्ये पाणी टाक बरं, म्हणतात.