गाठ

न्यूझीलंडून आलो त्याले आठ दिवस झाले,
वट्यावरची गर्दी काही हटत नाही.
कुसुमा फिरून फिरून मोबाईल मांगते,
इठाबाई इचारते, "काऊन वं, कोनं ढकललं तुले?"

कोनं नाही ढकललं.
पुलावर दोन गोरे पोट्टे, पाय बांधून देत.
खाली नदी, नीळ जास्त पडलेल्या बादलीवानी.

प्रांजलीनं आधी बापाचं नाव लिवलं होतं.
तीस वर्सं वायरमन. रातीबेराती खांबावर,
पावसात, कमरेले एक पक्कड,
अन् मी खाली बॅटरी धरून,
मान वर, तोंडात शब्द नाही.

तिथं यायनं दोर हातात घेतला,
गाठ उलटीपालटी करून पायली,
पोरीले म्हने, "इचार, अर्थिंग कुठी हाये."
पोट्टे हसले. हे नाही हसले.
कठडा धरून मांगं सरकले.
"खांबाले मी धरतो. इथं धरासाठी काईच नाही.
ते नाही जमत मले."

पैसे भरले होते, वापस भेटत नव्हते.
लेकीचा पायजमा घालून मी गेली.

"पडताना काय वाटलं वं?"
गॅसवर दूध ठेवलं का काय, असं वाटलं, बाई.
मंग उलटी लटकली, तवा दिसलं:
पुलावर एक मानूस,
मान खाली, तोंडात शब्द नाही.

घोट्याले वळ हाये अजून.
वट्यावर नाही दाखवत मी तो.
राती हे त्याले खोबरेल लावतात,
अन् गाठ नेमकी कुठी होती
ते बोटानं पायत बसतात.