सत्तर अंश

ब्रिगिदा फॉर्मेला, वय सत्तेचाळीस,
ग्दिनियाच्या बंदरात क्रेन चालवते.
चाळीस मीटर वर, काचेच्या खोलीत बसून
लोकांची केळी, सायकली, वॉशिंग मशिनं
जमिनीवर आणून ठेवते.

तिला भोवळ येते. वर नाही,
खाली उतरून ताठ उभी राहिली की.
कँटीनच्या रांगेत. दिराच्या दफनाला.
चर्चमध्ये दोनदा.
बसवून मोजलं तर एकशे अठरा, चौऱ्याहत्तर.
तीन डॉक्टरांनी लिहिलं: उत्तम.
एकदा दिवसभर दंडाला पट्टा बांधून घरी पाठवली,
त्या दिवशी नेमकं काहीच झालं नाही.

म्हणून आज माझ्याकडे.
मी टेबल तिरकं करते, एवढंच माझं काम.
बोटाला टोपणाएवढा सेन्सर,
छातीला पट्टा, गुडघ्यांना पट्टा,
मग वीस मिनिटं आडवी, गप्पा बंद.
छताकडे बघत ती म्हणाली,
"गुडघ्याचा सैल आहे."
खरंच होता.

मग सत्तर अंश.
ना निजलेली, ना उभी;
भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीसारखी.
खिडकीतून समुद्र दिसत नाही, पार्किंग दिसतं.
अठराव्या मिनिटाला जिभेखाली फवारा.
कसं वाटतंय?
ठीक.
कसं वाटतंय?
ठीक, म्हटलं ना.

तिला पडायचं नाही, पडली तर क्रेन जाईल.
आणि मला ती पडायला हवी आहे,
नाहीतर कागद पुन्हा उत्तम म्हणेल.
हे मी कुठल्याच पेशंटला सांगत नाही.

तेविसाव्या मिनिटाला तिला जांभई आली.
ती जांभई मी ओळखते.
नव्वद. अठ्ठ्याहत्तर. ओठ पिठासारखे.
एकसष्ट.
आणि नाडी, जिनं आता धावायला हवं,
तीही वाटेतच बसकण मारते.
"दिवे का घालव–"

बटण. टेबल आडवं होतं,
सावकाश, धक्का न देता.

अकरा सेकंदांनी डोळे.
"गेले ना मी?"
गेलात.
"कागदावर आलं?"
आलं.
मला वाटलं, रडेल.
तिनं नाक ओढलं. "खाली छान आणलंस.
चाळीस टनांना असंच लागतं."

डॉक्टरांनी लिहून दिलं:
पाणी भरपूर, घट्ट मोजे, मीठ जास्त.
क्रेनचं पुढच्या महिन्यात बघू.
घरी नवऱ्याचं प्रेशर दोनशेला टेकलेलं,
नऊ वर्षं दोघं अळणी जेवतात.
मिठाची बरणी तिनंच लपवली आहे,
कपाटाच्या डोक्यावर.
"म्हणजे आता स्टुलावर चढणं आलं,"
मोजा ओढताना पहिल्यांदाच हसली.

मी म्हटलं, त्यांना चढवा.