पाच गुणांचं पत्र

बावीस वर्षं मी फळ्यावर तोच चौकोन आखते आहे.
उजवीकडे वर दिनांक, डावीकडे प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका, नाशिक.
विषय : परिसरातील गैरसोय दूर करण्याबाबत.
खाली, आपला विश्वासू,
आणि त्याखाली अ. ब. क.

अ. ब. क.ला घर नाही.
तो सातपूरला राहत नाही की सिन्नरला.
त्याच्या गल्लीतला कचरा दरवर्षी मार्चात साचतो
आणि पेपर तपासून झाले की उचलला जातो.
मायन्याला एक, विषयाला एक, मजकुराला दोन,
शेवटाला एक. पाठांतर चोख असलं की पाचही.
अशी हजारो पत्रं मी वाचली,
आयुक्तांनी एकही नाही.
एक तर मला परत भेटलं,
त्र्यंबक रोडला, भेळ खाऊन झाल्यावर
तेलकट कागदाच्या तळाशी, माझीच लाल खूण.

मोनाली काशिनाथ भोये, आठवी ब.
आई अंबडला खोके भरायच्या कामाला,
दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला की
नासर्डीच्या मोरीवरून चालत घरी येणारी.
मोरीवरचा दिवा दिवाळीपासून बंद.
हे सगळं पोरीनं पत्रात लिहिलं
खांबाच्या नंबरासकट,
आणि आई कठड्याला हात लावून लावून चालते, हेसुद्धा.
मी साडेचार दिले.
'वीनंती'तली वी दीर्घ होती.

वही घेऊन ती तिथंच उभी.
"बाई, मग टाकायचं कधी?"
काय टाकायचं?
"पत्र."
वर्ग हसला. मीही हसले.
ते हसू अजून माझ्या तोंडात आहे,
पेरूच्या बीसारखं, दाढेत.

तिनं टाकलं.
सव्वीस दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर उत्तर आलं,
मुख्याध्यापकांनी मला बोलावून दार लोटलं :
"आहेरबाई, पोरीनं खरं नाव कशाला लिहिलं?"
मी काही बोलले नाही. मलाही तेव्हा
ती चूकच वाटली होती थोडी.

कागदावर होतं, आपला अर्ज
विद्युत विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.
मोनाली मोठ्यानं वाचता वाचता अडली.
"बाई, अर्जाला पण वर्ग असतो?"
असतो ना.
बसून राहतात बिचारे, मागच्या बाकावर,
कुणी हजेरीत नावसुद्धा घेत नाही.

त्याच आठवड्यात तपासणी.
साहेबांना अध्ययन निष्पत्तीचा तक्ता हवा होता.
घातांक सोडवते. उताऱ्याचा आशय सांगते.
लोकशाहीची वैशिष्ट्ये सांगते.
सगळीकडे बरोबरच्या खुणा करत गेले मी.
अंधारात जाऊन खांबाचा नंबर लिहून आणते,
हा रकाना शोधला. पान उलटून पाहिलं.
साहेब म्हणाले, चहा छान झालाय.

दिवा लागला.
नऊ दिवस. मग पुन्हा गेला.

दुसरं पत्र तिनं मला न दाखवता लिहिलं.
स्मरणपत्र आमच्या अभ्यासक्रमात नाही.
कच्चा कागद बाकाखाली सापडला :
'संदर्भ : माझे याच विषयाचे पत्र.'
संदर्भ हा शब्द मी शिकवला नव्हता,
आलेल्या उत्तरातून उचलला असणार तिनं.
तीनदा वाचलं. लाल पेन हातातच होतं.
विनंती शोधत होते मी, ऱ्हस्व की दीर्घ.
तो शब्दच नव्हता.
'कधीपर्यंत होईल ते कळवावे', एवढंच.

मधल्या सुट्टीत कपाट उघडलं.
मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही,
त्याबद्दलचा माझा अर्ज, तीन वर्षांचा जुना.
विषय आहे, मायना आहे, अक्षर वळणदार,
सहीची जागा कोरी.
बाहेर खिचडीच्या ताटल्या वाजत होत्या,
कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन ओरडत होतं.
पेनाचं टोपण काढलं
आणि लिहिलं, माझं, बापाचं, आडनाव.
तारीख तेवढी बदलावी लागली.
खाडाखोडीचा अर्धा गुण
कापायचा तर कापा.