पावती क्रमांक दहा लाख एक

मार्केट यार्डाच्या वजनकाट्यावर
दहा लाखावी पावती फाटली
तेव्हा मालकांनी पेढे वाटले.
मी एक खाल्ला, पण मनात म्हटलं,
दहा लाखात असं आहे काय?
सहा वेळा दोन, सहा वेळा पाच,
गुणून झालेली गर्दी.
कुणीही यावं, भागून जावं.

मी वाट बघत होतो पुढच्या गाडीची.
पहाटे तीनला आली, निजामाबादची हळद,
ड्रायव्हर खलील, डोळे तांबारलेले.
पावती निघाली: १०००००१.
आयर्विन पुलाच्या दोन टोकांना
एकेक दिवा चालू,
मधले पाच गेलेले.

ही मूळ संख्या असणार, वाटलं.
कुणाच्या बापाला भागणार नाही.
खलील म्हणाला, "सही करा, मगदूमअण्णा."
म्हटलं, "थांब जरा,"
आणि पावती पालथी घातली.

तीनानं भागलं, उरले दोन.
सातानं, उरले दोन.
अकरानं दोन. तेरानंही दोन.
प्रत्येकाच्या दारातून
तेच दोघे परत येत होते.

माझा बाप हरिपूरच्या पेवात उतरायचा.
आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा,
ज्योत विझली की म्हणायचा, "आज नको."
मलाही तळ ठाऊक होता: हजार.
हजाराच्या पलीकडचा कुणी भागत असेल
तर त्याचा जोडीदार
अलीकडेच कुठंतरी भेटायला हवा.

सतरा. एकोणीस. तेवीस.
खलीलनं हॉर्नवर हात ठेवला, वाजवला नाही.
सत्त्याण्णवाला अठ्ठावीस उरले.
मग एकशे एक,
आणि ज्योत गेली.
बाकी काहीच नाही.

एकशे एक!
लग्नात पाकिटावर रुपया चिकटवून देतो तो आकडा.
एवढ्या थोराड संख्येच्या पोटात
कुणाचा तरी आहेर.
आणि सोबत नऊ हजार नऊशे एक.
तो मात्र एकटा, पक्का.
त्याला वेगळं तपासायला नको होतं;
शंभराच्या आतले पंचवीसही
आत्ताच रिकाम्या हातानं परत गेले होते.

"वजनात काही लोचा आहे का?" खलीलनं विचारलं.
"वजन बरोबर आहे," म्हटलं.
त्यानं पावती टोपीत खोचली,
माझा सगळा भागाकार घेऊन गेला.

चार रात्री घातल्या नंतर.
हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्या
एकेक करून लावल्या, तेव्हा कळलं,
दोनच घरं पुढं होती ती.
दहा लाख तीन.
तिला कुणीच भागत नाही.

स्थळप्रत शोधून काढली.
कवठेपिरानचा टेम्पो, रिकामा,
निव्वळ माल शून्य.
सही बदलीच्या पोराची.
मी तेव्हा चहाला गेलो होतो.
चहाही, आठवतंय,
पाणचट होता.